माइकवरून मारलेली हाक

मराठी क्रीडापानांवर ऑस्ट्रेलियाचा संघ ‘ऑस्ट्रेलिया’ म्हणून कमी आणि ‘कांगारू’ म्हणून जास्त येतो. कांगारूंची शिकार, कांगारूंना लोळवले, कांगारूंचे शेपूट वळवळले. मीही हेच लिहीत आलो. नोकरी सांभाळून वसईतल्या एका साप्ताहिकात मी बरीच वर्षे खेळाचे सदर लिहिले आणि भातकापणी झाली की गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत माइकवर समालोचन केले. दोन्हीकडे माझी ओळख एकच होती, हा माणूस खेळाडूंना नावे झकास देतो. त्या ओळखीचा मला अभिमान होता. तिच्यापायी एका मुलाचे जे नुकसान झाले, ते मला लिहून ठेवायचे आहे.

कांगारू या शब्दाची मला कधी शंका आली नव्हती. शीर्षकाला जागा थोडी असते, ‘ऑस्ट्रेलियाला’ हा शब्द अर्धी ओळ खातो आणि ‘कांगारूंना’ लिहिले की वाचकाला लगेच कळते. त्यांच्या राजचिन्हावरच कांगारू आणि एमू आहेत. त्यांचा फुटबॉल संघ स्वतःला ‘सॉकरूज’ म्हणवतो, रग्बी लीगचा संघ तर सरळ ‘कांगारूज’ आहे. मग आपण म्हटले तर बिघडले कुठे?

आमच्या आळीतली एक मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली. नाताळात माहेरी आली असताना तिने माझे सदर वाचले आणि म्हणाली, “काका, तिकडे ते स्वतःला ऑझी म्हणतात. तुम्ही लिहिता तसं ऑसी नाही, झ आहे तो.” मी ते टिपून घेतले आणि पुढे मिळेल तेवढे वाचले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा शब्द त्यांच्या सैनिकांच्या तोंडी रुळला. जानेवारी १९१८ मध्ये पश्चिम आघाडीवर त्यांच्या सैनिकांसाठी एक मासिक निघाले, त्याचे नावच ‘ऑझी’ होते आणि फिलिप हॅरिस त्याचे संपादक. खंदकातल्या पोरांनी स्वतःला दिलेले हे लाडाचे नाव. आज क्रिकेटच्या मैदानावर त्यांचा सगळा स्टँड तेच नाव तीनदा ओरडतो.

पण ती मुलगी आणखी एक गोष्ट बोलली होती आणि ती मी टिपून घेतली नव्हती. तिला तिकडचे नागरिकत्व मिळाले होते. मी विचारले, “म्हणजे तूही आता ऑझीच की.” ती म्हणाली, “कागदावर आहे. पण तिकडे कोणी नुसतं ऑझी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गोरा माणूसच येतो. मला तसं कोणी म्हणेपर्यंत मी थांबते.” तिकडे ग्रीक आणि इटालियन वस्तीतली मुले गोऱ्या मुलांना ‘स्किप’ म्हणत, १९६८ साली सुरू झालेल्या स्किपी नावाच्या कांगारूच्या टीव्ही मालिकेवरून. म्हणजे तिथेही बाहेरून आलेल्यांनी आतल्यांना कांगारूच केले होते. कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, यावरून कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरते. तिच्या बोलण्यात हे सगळे होते. मला त्यातला फक्त ‘झ’ उपयोगाचा वाटला.

वसईत राहणाऱ्या माणसाला खरे तर हे शिकायला मेलबर्नपर्यंत जायची गरज नाही. आमच्या तालुक्यात प्रत्येकाला दोन नावे आहेत, एक त्याने स्वतःला घेतलेले आणि एक दुसऱ्याने त्याला दिलेले. मी वाडवळ. नंदाखाल, गास, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यातले सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात. पोर्तुगीज भाषेत बाप्तिस्म्याच्या नात्यातल्या माणसाला जो ‘कॉम्पाद्रे’ शब्द आहे, त्यावरून हा आला असे सांगतात. मुलाचा धर्मपिता झालेला माणूस मुलाच्या बापाचा कुपारी. नात्याची हाक होती, ती जमातीचे नाव झाली. याच माणसांच्या वाडवडिलांना बाकीच्या वसईने ‘बाटगे’ म्हटले. विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेले गाव बाटले, ही गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली होती. शाळेत आम्ही ख्रिस्ती मुलांना ‘पाव’ म्हणून चिडवायचो. तीच मुले घरी त्यांची कादोडी बोली बोलायची, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणायची, आणि त्यांच्या आया लाल लुगडे नेसून आमच्याच बाजारात केळी आणि भाजी विकायच्या. त्या चिडवण्याची लाज मला फार उशिरा वाटली.

माइक हातात आल्यावर पहिला मोठा टाळ्यांचा गजर मला ‘कुपारी’ या शब्दानेच मिळवून दिला. नंदाखालच्या बाजूच्या एका संघात एक दणकट फलंदाज होता. त्याने सरळ षटकार मारला आणि मी ओरडलो, “कुपारी तोफ!” मैदानाच्या कडेला बसलेले सगळे कुपारीच होते. म्हातारे उभे राहिले, बायका हसल्या, पोरांनी ताशा वाजवला. सामना संपल्यावर त्या फलंदाजाच्या काकाने मला घरी नेऊन जेवू घातले. त्या रात्री मी चुकीचा धडा घेतला. मला वाटले, जात, गाव, मुलूख यांवरून नाव दिले की लोक खूश होतात आणि माझ्याकडे ती हातोटी आहे. तो शब्द त्यांचा होता. त्यांनी तो मला वापरू दिला होता, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच पोराच्या कौतुकासाठी. हे मी लक्षात घेतले नाही.

१७ ऑक्टोबर २००७ रोजी वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना होता. मुरली कार्तिकने सहा बळी घेतले आणि आपण दोन गडी राखून जिंकलो. मी स्टँडमध्ये होतो. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स फलंदाजीला येताना आमच्या आसपास काही जणांनी माकडाचे आवाज काढायला सुरुवात केली. त्याआधी वडोदऱ्याला हेच झाले होते आणि वर्तमानपत्रांतून त्याची चर्चाही झाली होती, म्हणजे काय चालले आहे हे मला कळत नव्हते असे नाही. मी आवाज काढला नाही, पण मी हसलो. माझ्या पुढच्या रांगेतल्या पोराने मागे वळून पाहिले, मला हसताना पाहिले आणि अधिक जोरात ओरडला. पोलिसांनी काही जणांना बाहेर काढले, मला काढायचे कारण नव्हते. रात्री विरार लोकलमध्ये आम्ही कार्तिकबद्दल बोललो, त्या आवाजांबद्दल कोणीच बोलले नाही.

सायमंड्सला त्याच्या संघात सगळे ‘रॉय’ म्हणायचे. लेरॉय लॉगिन्स नावाच्या बास्केटबॉलपटूसारखा दिसतो म्हणून सुरुवातीच्या काळात एका प्रशिक्षकाने दिलेले ते नाव त्याने आनंदाने आयुष्यभर वागवले. दिसण्यावरून दोन नावे मिळाली होती त्याला, एक घरातून आणि एक आमच्या स्टँडमधून.

जानेवारी २००८ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया यांचा सिडनीचा कसोटी सामना झाला. हरभजन सिंग सायमंड्सला ‘मंकी’ म्हणाला असा आरोप झाला आणि सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्याच्यावर तीन कसोटींची बंदी घातली. महिनाअखेर ॲडलेडला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपील झाले, वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, शिवीगाळीपोटी सामन्याचे अर्धे मानधन कापले गेले. त्या महिन्यात मी साप्ताहिकात घणाघाती लेख लिहिला. स्लेजिंग करून जग जिंकणाऱ्या कांगारूंनी आम्हाला सभ्यता शिकवू नये, शब्दाचा अर्थ तो शब्द ज्या संस्कृतीतला आहे तिथेच कळतो, असे त्यात होते. वानखेडेवरच्या माझ्या हसण्याचा त्या लेखात उल्लेख नव्हता. लेखाची खूप तारीफ झाली.

त्याच सुमारास आगाशीच्या बाजूला एका गावात रात्रीचे सामने होते. नालासोपाऱ्याहून आलेल्या संघात तुळिंजच्या चाळीत राहणारा एक वेगवान गोलंदाज होता. वय सतरा-अठरा. वडील जौनपूरकडचे, त्यांचे इस्त्रीचे दुकान. मुलगा इथेच जन्मलेला, मराठी शाळेत शिकलेला, बोलणे आमच्यासारखेच. टेनिस चेंडू तो असा काही टाकायचा की यष्टिरक्षक सीमेच्या अर्ध्यावर उभा राहायचा. पहिल्या सामन्यात त्याने दोन त्रिफळे उडवले. पहिल्याला मी माइकवर ‘भय्या मेल’ म्हणालो. मैदान हसले. दुसऱ्या बळीला मैदानाने माझ्याआधीच तो शब्द उचलला.

दुसऱ्या दिवशी, त्यांचा पुढचा सामना सुरू होण्याआधी, तो मंडपात माझ्याकडे आला. खांद्यावर टॉवेल, पायांत फाटलेले बूट. म्हणाला, “काका, आज माझं नाव घ्या ना. आई पण येणार आहे बघायला.”

चूक झाली ती या ठिकाणी, आदल्या रात्री नाही. आदल्या रात्री मी बेफिकीर होतो, आता मला सांगितले गेले होते. सांगणाऱ्याने हात जोडले नव्हते, वाद घातला नव्हता. नाव घ्या, एवढेच मागितले होते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “अरे, तुझं नाव लोकांच्या लक्षात राहणार नाही. भय्या मेल राहील. मोठा होशील त्या नावानं.” तो काही बोलला नाही, मान हलवून गेला. हिंदीत भैया म्हणजे थोरला भाऊ, मान देऊन हाक मारायचा शब्द. त्यातला भाऊ काढून टाकून आम्ही मुंबईकडच्यांनी त्याचा शिक्का केला आहे, हे त्याला माहीत होते आणि मलाही माहीत होते. माझ्या लेखात मीच लिहिले होते की शब्दाचा अर्थ ज्याच्या घरचा शब्द आहे त्याला विचारावा. घरचा माणूस समोर उभा राहून सांगत होता आणि मी त्याला माझा अर्थ ऐकवला.

त्या रात्री त्याची लय बिघडली. दोन वाइड पडले. मी म्हणालो, “भय्या मेल रुळावरून घसरली.” तिसरा वाइड पडल्यावर मैदानाच्या एका बाजूने आरोळी आली, “भय्या, गाडी पकड!” मग दुसऱ्या बाजूने. मग सगळीकडून. माझ्या हातात माइक होता, आवाज सगळ्यांत मोठा माझाच होता. मी “शांत बसा” म्हणू शकलो असतो. त्याचे नाव घेऊ शकलो असतो, ते माझ्यासमोरच्या यादीत लिहिलेले होते. मी धावसंख्या सांगितली. त्याच्या कर्णधाराने त्याच्याकडून चेंडू काढून घेतला. दोरीपलीकडे त्याची आई उभी होती, निळ्या साडीत, डोक्यावर पदर. ती सामना संपायच्या आधी निघून गेली.

घरी बायकोला मी हे सांगितले नाही, पण सामना पाहायला गेलेल्या भाच्याने सांगितले. ती कराडची. लग्न होऊन वसईत आली तेव्हा आमच्या वाडीत तिला कोणी नावाने हाक मारली नव्हती, ‘ती घाटीण’ एवढेच तिचे नाव होते, आणि ते घेणाऱ्यांत माझी आई होती. बायको म्हणाली, “मला काही वर्षांनी सवय झाली असं तुम्हाला वाटतं. सवय झाली नाही. मी बोलायचं सोडलं.” पुढे ती त्या विषयावर बोलली नाही.

लगेच फेब्रुवारीत परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटले. टॅक्सी फुटल्या, फेरीवाल्यांना मारहाण झाली. नालासोपारा-विरार पट्ट्यातही भीती पसरली. इस्त्रीचे ते दुकान काही दिवस बंद राहिले. त्या मुलाला कोणी हात लावला नाही, पण बाजारात काही पोरांनी त्याला ओळखून ‘भय्या मेल, गाडी पकड’ म्हणत स्टेशनपर्यंत त्याचा पाठलाग केला, असे त्याच्या कर्णधाराने मला सांगितले. आंदोलन मी सुरू केले नव्हते. पण त्या पोरांच्या तोंडचे शब्द माझे होते, एक त्याला माझ्याकडून मिळालेला आणि दुसरा मी थांबवला नाही तो.

मग तो संघात आला नाही. पुढच्या हंगामातही नाही. उशिराने, बायकोच्या सांगण्यावरून नव्हे तर तिच्या गप्प राहण्यामुळे, मी तुळिंजला गेलो. वडिलांनी स्टूल पुढे केले, चहा मागवला. मी कोण ते सांगितले, झाले ते सांगितले, माफी मागितली. ते इस्त्री फिरवत म्हणाले, “छोड़िए साहब, अब तो वो खेलता ही नहीं.” मुलगा आत होता. पडद्याखालून त्याचे पाय दिसत होते. त्याने बाहेर यायला हवे होते असे मला तेव्हा वाटले. आता वाटते की माफी स्वीकारण्याचे काम मी त्याच्यावर का टाकावे? नंतर ते कुटुंब तिथून गेले.

३ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूझीलंडमधल्या माउंट माउंगानुईला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवले. कर्णधार पृथ्वी शॉ, आमच्या विरारचा. शालेय क्रिकेटमध्ये ५४६ धावा काढणारा, विरारहून लोकलने बांद्र्याला जाऊन खेळलेला मुलगा. त्याचे घराणे मूळचे बिहारमधल्या गयेचे. त्या दिवशी सगळे गाव ‘विरारचा पृथ्वी’ म्हणत होते, मी त्याच शब्दांत लिहिले आणि ते खरेच होते. लिहिता लिहिता मात्र हात थांबला. नाव कमावल्यावर आपण माणसाला आपल्या गावाचा म्हणतो. कमवायच्या आधी, फाटक्या बुटांत मंडपात उभा असताना, त्याला काय म्हणतो?

कांगारूचे कोडे सुटले ते जानेवारी २०२१ मध्ये. ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आधी डिसेंबरमध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत गुंडाळला गेला, अजिंक्य रहाणेने मेलबर्नला शतक ठोकले, आणि १९ जानेवारीला ब्रिस्बेनच्या गाबावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती, आपण तीन गडी राखून सामना आणि त्यासोबत मालिका जिंकली. मधल्या सिडनीच्या सामन्यात मोहम्मद सिराजला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या. तो गप्प बसला नाही, रहाणेकडे आणि पंचांकडे गेला, खेळ थांबला, प्रेक्षकांना बाहेर काढले गेले. आमच्या मंडपात आलेल्या मुलानेही तेच केले होते. त्याला पंच म्हणून मी भेटलो, एवढाच फरक.

रहाणे माटुंग्याला घरी परतला तेव्हा ढोल-ताशे वाजत होते आणि केकवर कांगारू होता. त्याने तो केक कापायला नकार दिला. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, जिंकलो तरी प्रतिस्पर्ध्याचा मान राखायला हवा, असे त्याने पुढे हर्षा भोगले यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले. मी माझी जुनी कात्रणे काढून बसलो. कांगारू हा शब्द वाईट नव्हता, आजही मला वाईट वाटत नाही. पण त्याच्या शेजारी मी बसवलेली क्रियापदे पाहिली. शिकार, कत्तल, ठेचले, सोलले. ऑस्ट्रेलियन माणसाबद्दल मी असे कधी लिहिले नसते. आधी त्याला जनावर केले म्हणून पुढचे क्रियापद सोपे गेले. भय्या मेल रुळावरून घसरली, हे वाक्यही असेच सोपे गेले होते. त्याचे नाव घेऊन मी ते म्हणू शकलो असतो का? तोंडच उघडले नसते.

१४ मे २०२२ रोजी टाउन्सव्हिलजवळ मोटार अपघातात सायमंड्स गेला. मी त्याच्यावर मृत्युलेख लिहिला आणि त्यात वानखेडेवरचे माझे हसणे पहिल्यांदा लिहिले. संपादकांनी विचारले, हे ठेवायचे का. मी म्हटले, ठेवा.

समालोचन मी अजून करतो. आयोजकांकडे मी एकच अट घालतो. संघाच्या प्रवेशअर्जात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक रकाना असावा, ‘माइकवरून कोणत्या नावाने हाक मारावी’. बहुतेक मुले स्वतःचेच नाव लिहितात. कुपारी गावांतली काही पोरे हौसेने ‘कुपारी’ लिहितात, मग मी मोकळ्या गळ्याने तसे ओरडतो. रकाना रिकामा असेल तर सामन्याआधी मैदानावर जाऊन विचारतो. वसई-विरारमध्ये दर हिवाळ्यात इतक्या स्पर्धा होतात, इतके माइक लागतात. आयोजकांनो, हा रकाना तुमच्याही अर्जात घाला. कागदावर एक उभी रेघ जास्त ओढावी लागेल, आणखी काही लागत नाही.